रंगपेटी घेऊन वैनगंगेच्या पट्ट्यात

गुरुवार, भिवापूर

निसर्गचित्र म्हटलं की आपल्याकडे लोकांना हिरवंच हवं असतं. वर्गात मुलांना ‘निसर्गदृश्य काढा’ म्हणावं, तर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी कौलारू घर, घरामागे नारळ. ज्यांनी आयुष्यात नारळाचं झाड फक्त लग्नपत्रिकेवर पाहिलं, ती उमरेड-कुहीकडची पोरंसुद्धा नारळच काढतात. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे हे नारळ मी ढिगांनी तपासले आहेत. म्हणूनच फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरहून पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या बाजूनं चित्रं काढत फिरायला निघायचं ठरवलं. साग पानं गळून उघडा झालेला, धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं) कापून मोकळ्या पडलेल्या, हिरवं जेमतेम. घरचे म्हणाले, “पावसाळ्यात जा ना, आत्ता काय आहे तिथं?” आत्ता झाडांचा सांगाडा दिसतो, जमिनीचा चढउतार दिसतो, आणि पळस फुललेला असतो. चित्र काढणाऱ्याला आणखी काय पाहिजे!

सोबत दादा होता, माझा मामेभाऊ. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यानं तैलरंग हातात घेतले आणि आता तो सोडत नाही. मी जलरंगवाली. गाडी त्याची, डबा माझा. आमचं भांडण जुनंच: तो म्हणतो जलरंग म्हणजे घाई, मी म्हणते तैलरंग म्हणजे चालढकल.

उमरेडच्या अलीकडे-पलीकडे कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर दिसतात. सकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या चक्क जांभळ्या. दादाला तिथंच उतरायचं होतं. मी म्हटलं, येताना. (येताना तो झोपला होता आणि गाडी मी चालवत होते.)

भिवापूरला मिरचीचे सातरे आहेत. सातरा म्हणजे मिरची वाळवायची आणि निवडायची मोकळी जागा. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत इथं जमिनीवर मिरचीच मिरची पसरलेली असते आणि बायका ओळीनं बसून देठ तोडत असतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण जुना वाण आता कमी पेरला जातो, असं सातऱ्यावरच कळलं.

मालकाला विचारून एका कोपऱ्यात निंबाच्या सावलीला बसलो. जलरंगात लाल हा अवघड रंग. पारदर्शक रंगांत उजेड कागदाचा असतो. उन्हाची मिरची पाहिजे तर खालचा पांढरा कागद त्या पातळ लालातून दिसला पाहिजे. एकदा जाड थर चढला की लाल मेला. व्हर्मिलियन थोडा अपारदर्शक, तो उन्हातल्या मिरचीला चालतो. सावलीत क्रिमसन, आणि अगदी खोल सावलीत क्रिमसनमध्ये थेंबभर अल्ट्रामरीन निळा. हे सगळं मला पाठ आहे. तेवढ्यात देठ तोडणाऱ्यांतली एक मावशी पाणी प्यायला उठली आणि माझ्या मागे येऊन थांबली.

“ताई, सगळीले एकच लाल कायले लावून राह्यल्या?”

मी ब्रश थांबवला. ती बोट करून सांगू लागली. ती तिकडची काल पसरली, अजून ओली हाये, म्हणून चकाकते. मधली आठ दिवसाची, ते काळी पडत चालली. आणि ते पांढरट दिसते ना मधेमधे, ते फटकी. तिचा भाव वेगळा, ते आम्ही बाजूला काढतो.

फटकी म्हणजे रंग उडालेली मिरची. एवढ्या लालाच्या पसाऱ्यात ते फिके ठिपके मला दिसत होते, पण डोळा त्यांना उन्हाची चमक समजून पुढं जात होता. तिला तसं समजून चालत नाही, मजुरी किलोवर असली तरी निवड चुकली की बोलणी बसतात. तिनं सांगितलेल्या जागी मी कोरडा ब्रश ओढून कागद थोडा थोडा उघडा ठेवला, आणि चित्रातला तो लाल गालिचा एकदम जमिनीवर टेकला. रंगसंगतीच्या पुस्तकांत हे ‘टेम्परेचर’ (रंगाची ऊब-थंडाई), ‘व्हॅल्यू’ (गडद-फिकेपणा) वगैरे नावांनी असतं. मावशीनं भाव सांगितला.

खोकून खोकून मात्र जीव गेला. मिरचीची धूळ वाऱ्यावर असतेच. ती माझ्या पाण्याच्या डब्यात पडली आणि तोच ब्रश सवयीनं मी ओठांत धरून टोक काढलं. पुढचा अर्धा तास चित्रकला बंद. बायकांना फार मजा आली. एकीनं गुळाचा खडा दिला. दादा त्या वेळात शांतपणे कॅनव्हासवर लाल फासत होता, चाकूनं, लोणी लावावं तसं.

शुक्रवार, पवनी

पवनी हे वैनगंगेच्या काठचं फार जुनं गाव. १९६९-७० मध्ये इथं उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. गावाला जुना परकोट आहे, दरवाजा आहे, आणि नदीवर दगडी घाट. आम्ही पहाटे वैजेश्वराच्या घाटावर पोचलो. नदी या दिवसांत आटलेली, मधे वाळूची बेटं, पलीकडे काठाचा उंच मातीचा कडा. वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण. त्याची ३३ दारं पावसाळ्यात उघडली की याच घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. कुठवर पाणी चढतं ते दगडांवरच्या रंगावरून कळतं: खाली करडा, वर काळा, आणि मधे गाळाची पिवळट रेघ. ती रेघ मी आधी काढली, घाट नंतर.

सूर्य साडेसहाच्या पुढे केव्हातरी वर आला. उजेडाचं गणित इथं फार कडक आहे. सूर्योदयानंतर सावल्या लांब असतात, वस्तूंना आकार असतो. नऊ वाजले की सगळं सपाट. त्यामुळे सकाळची बैठक पाऊण तासाची धरायची, त्यात पहिली दहा मिनिटं रंगाला हात लावायचा नाही. डोळे बारीक करून फक्त गडद-फिकं पाहायचं, पेन्सिलीनं चार चौकटी काढायच्या आणि सावल्यांची दिशा पक्की करून टाकायची. नंतर सूर्य सरकला तरी सावली हलवायची नाही. दादा हलवतो. त्याच्या चित्रात कधी कधी दोन सूर्य असतात, आणि तो त्याला ‘वातावरण’ म्हणतो.

दुसरी अडचण हवेची. विदर्भाची कोरडी हवा कागदावरचं पाणी बघता बघता पिते. आकाशाचा ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका कडेपासून दुसऱ्या कडेला नेईपर्यंत पहिली कड वाळून तिथं रेघ उमटते. मी पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकते, त्यानं वाळणं लांबतं. कागद ३०० ग्रॅमचा, आधी दोन्ही बाजूंनी भिजवलेला. जानेवारीत ग्लिसरीन टाकू नये, चित्र दुपारपर्यंत चिकट राहतं.

दादाचं ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायची घोडी, तिपाईचं. ते पाहून माणसं जमली, पण चित्र पाहायला नाही. दोघं-तिघं जरा लांबच उभे होते. शेवटी एक वयस्क गृहस्थ पुढं आले.

“का जी भाऊ, कोणता सर्व्हे करून राह्यले?”

दादा म्हणाला, “सर्व्हे नाही जी, चित्र काढून राह्यलो.”

“चित्र कोणाले द्याचं हाये?”

“कोणालेच नाही. घरी न्यायचं.”

त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसू नये हेच बरोबर. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. तेव्हापासून या भागात तिपाई लावून कुणी नदीकडे एक डोळा मिटून पाहिलं की त्याचा अर्थ काय निघतो हे लोकांना ठाऊक आहे. धरणात कितीतरी गावं गेली. ते गृहस्थ स्वतः अशाच एका गावचे. आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. खात्री पटल्यावर घाटाच्या पायरीवर बसले आणि त्यांच्या गावच्या नदीकाठाचं वर्णन करू लागले. चिंच कुठं होती, महादेवाचं देऊळ कुठं, धोबी कोणत्या दगडावर. इतकं नेमकं, की दादानं नवी चौकट घेऊन पेन्सिलीनं त्यांच्या सांगण्याबरहुकूम काढायला सुरुवात केली. ते मधेच म्हणत, “नाही जी, चिंच अजून इकडं.” तासभर हे चाललं. समोरची पवनी राहिली बाजूला. तो कागद ते घडी घालून खिशात ठेवून घेऊन गेले. माझ्या मते त्या दिवशीचं चांगलं चित्र तेच होतं, पण आता आमच्याकडं नाही.

शनिवार, लाखांदूर रस्ता आणि वडसा

आज पळस.

पवनीहून लाखांदूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, पळस उभे आहेत. एकही पान नाही, नुसता केशरी. लोक पळसाला आग म्हणून मोकळे होतात. तसं ते काढलं की चित्र कॅलेंडर होतं. जवळ जाऊन पाहिलं तर फुलाची कळी जवळजवळ काळी असते, मखमली, हिरवट-तपकिरी. फांदीवर फुलं आणि या काळ्या टोप्या एकत्र असतात. त्या काळ्यामुळे केशरी पेटतो. त्या टोप्या सोडून दिल्या तर झाड गाजराच्या हलव्याच्या रंगाचं दिसतं.

जलरंगात पळस काढायला उलटा विचार करावा लागतो. फिकं आधी, गडद नंतर, हा नियम. निळ्या आकाशावर नंतर केशरी ठेवला तर तो मातकट होतो, कारण खालचा निळा वर येतो. म्हणून फुलांची जागा आधी राखायची, आकाश तिच्याभोवतीनं फिरवायचं, मग पिवळा, तो ओला असतानाच त्यात केशरी सोडायचा, आणि शेवटी कळ्या. दादाला यातलं काहीच करावं लागत नाही. त्यानं आकाश केलं, फांद्या केल्या, वरून कॅडमियम ऑरेंजचे गोळे ठेवले आणि डबा उघडून जेवायला बसला.

झाडाखाली बसून काढायचा एक फायदा असा की हालचाल थांबते. पहिल्या अर्ध्या तासात पक्षी दुरून आपल्याला जोखतात, मग विसरतात. साळुंक्या आल्या, कोतवाल आला, शिंजीर तर डोक्यावर. भोरड्यांचा थवा आला तेव्हा अख्खं झाड हललं आणि फुलं पटापटा कागदावर पडली. पक्षी फुलात चोच खुपसतात तेव्हा परागकण डोक्याला लागतात, मधाच्या मोबदल्यात पळसाचं काम होतं. एक फूल माझ्या ओल्या आकाशात पडून तिथं पिवळट डाग उमटला. पळसाच्या फुलांचा रंग होळीला काढतात तोच हा. तो डाग मी पुसला नाही.

इथं मला नेहमी चित्रकार सय्यद हैदर रझा आठवतात. त्यांचा जन्म १९२२ चा, इथून उत्तरेला मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. १९३९ ते १९४३ रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि पुढं मुंबईला गेले, नंतर पॅरिसला. जगाला त्यांचा बिंदू माहीत आहे, पण सुरुवातीला हे गृहस्थ आमच्यासारखेच जलरंगात निसर्गचित्रं काढत. त्यांच्या उतारवयातल्या कॅनव्हासवर तो केशरी, तो काळा, तो पिवळा शेजारी शेजारी पाहिला की मला पळसाच्या कळ्या दिसतात. समीक्षकांना यात तंत्रमार्गाचं तत्त्वज्ञान दिसतं, तेही असेल. पण जंगलात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यात मार्च महिना राहणारच ना!

संध्याकाळी वडशाला पोचलो. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचं गाव. दिवाळीनंतर जो हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो, नाटक मंडळांची कार्यालयं इथं ओळीनं आहेत, आणि गावोगावचे लोक येऊन प्रयोग ठरवून जातात. आम्हीही रात्री जवळच्या एका गावात नाटकाला गेलो. दहाच्या पुढं सुरू झालं ते पहाटेपर्यंत. नाटकाबद्दल लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. मला पडद्यात रस होता. मागे रंगवलेला जंगलाचा पडदा होता, मध्यंतरात जाऊन जवळून पाहिला. पडदे रंगवणारे काका तिथंच चहा घेत होते.

मी विचारलं, “काका, हे जंगल कुठलं?”

“कुठलंच नाही. मागच्या माणसाले दिसलं पाहिजे असं.”

मग त्यांनी समजावलं. शेवटच्या रांगेतला माणूस मैदानाच्या पार टोकाला, बैलबंडीवर बसलेला असतो. त्याला पानं दिसत नाहीत. म्हणून तीनच छटा: लांबचं निळसर, मधलं हिरवं, जवळचं काळं. वरून पिवळा दिवा पडतो म्हणून हिरव्यात निळा जास्त टाकायचा, नाहीतर जंगल वाळून जातं. मी नागपुरात वर्गात हवाई यथार्थदर्शन (लांबचं फिकं, निळसर दाखवून अंतर उभं करणं) शिकवते तेव्हा एवढं थोडक्यात कधी जमलं नाही. काकांना बाहेर बसून चित्र काढता का असं विचारल्यावर ते हसले. “दिवसा झोपतो ना बाई.”

रविवार, नवेगावबांधकडे

नाटकामुळे उशीर झाला, सकाळचा उजेड गेला. अर्जुनी मोरगाव सोडल्यावर तलावच तलाव. भंडारा-गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांचा पट्टा. लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले, असं इथं सगळेच सांगतात. उताराला माती टाकून पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं, खालच्या बांध्यांना धानासाठी द्यायचं. लहान असेल तर बोडी. नवेगावबांधचा मोठा जलाशयही कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं म्हणतात. त्यांना पुढं कोलासुर देव म्हणून पुजू लागले आणि भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात.

मोठ्या जलाशयाकडे नंतर जाऊ म्हणून आम्ही रस्त्यालगतच्या एका गावतलावाशी थांबलो. दुपार टळली होती. पाळीखाली उन्हाळी धान, पोपटी, डोळ्यांत खुपणारा. वर पाणी आणि पाण्यात वाळलेल्या कमळांच्या काड्या. एका कोपऱ्यात बेशरमची झुडपं माजली होती, ढिवराचा (मासेमाराचा) डोंगा त्यातून वाट काढत होता.

पाण्याचं प्रतिबिंब हा माझा आवडता भाग. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकं पडतं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद. सावरीचा पांढुरका बुंधा पाण्यात करडा दिसत होता, मोहाची काळी सावली तपकिरी. हे एकदा डोळ्याला लागलं की पाणी आपोआप ओलं दिसायला लागतं, लाटा काढाव्या लागत नाहीत.

दादाच्या मागं एक आजोबा काठी टेकून उभे राहिले. बराच वेळ. दादानं पाळ मस्त वळणदार काढली होती, मधे खोलगट, पुन्हा वर, त्यावर झाडं. चित्र म्हणून छान लय होती.

आजोबा म्हणाले, “पाळ अशी नसते जी.”

“कशी?”

“अशी खालीवर. जिथं खाली झाली तिथूनच पाणी वरून जाते अन् तिथूनच फुटते. पाळ एका लेव्हलची पाहिजे.”

दादा कुरकुरला, “चित्रात थोडं चालतं बाबाजी.”

“चित्रातल्या गावाचं धान जाते ना मंग.”

यावर दादाकडं उत्तर नव्हतं. त्यानं चाकू घेतला, खोलगट भाग खरवडला आणि पाळ सरळ केली. नंतर आजोबांनी आम्हाला पाळीवरून नेऊन तुडूम दाखवलं, जिथून पाणी खाली सोडतात ती जागा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले, त्याआधी गाळ कोणी काढायचा, पाळीवर माती कोणी टाकायची हे गावात ठरलेलं असे, असं त्यांचे वडील सांगत. त्यांना बेशरमचा फार राग. काठीनं एकेका झुडपाकडे बोट दाखवून ते शिव्या देत होते. “हे काढू नका चित्रात,” मला म्हणाले. मी काढलं होतं, आणि राहू दिलं. बेशरमची जांभळट फुलं पाण्याजवळ सुंदर दिसतात, त्यांच्यासमोर हे बोलले नाही एवढंच.

जलाशयावर पोचेपर्यंत सूर्य डोंगराच्या आड गेला. काठावर काही तलवार बदकं अजून होती. अंधारात रंग कळत नाहीत, म्हणून मी नुसतं पेन्सिलीनं डोंगरांची रेघ मारून ठेवली.

सोमवार, परत

सकाळी पुन्हा जलाशयाकाठी बसलो, पण आकाश ढगाळ होतं आणि सगळ्याला एकच करडा रंग. मी दोन करड्यांत एक छोटं चित्र केलं, दादानं काही केलं नाही, तो कुसुमाच्या झाडाखाली उभा राहून नव्या लाल पालवीचे फोटो काढत बसला. फोटो पाहून चित्र काढणं मला मान्य नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो माझ्याकडं पाठ करूनच काढत होता.

तुम्हाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आत गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे आत बसून चित्र काढण्याचं मनात आणू नका; बाहेरच्या गावतलावांवर काय कमी आहे? पाणी दोन डबे न्या, एक प्यायचं आणि एक ब्रशचं, आणि ते दिसायला वेगवेगळे ठेवा. सातऱ्यावर विचारल्याशिवाय बसू नका. गर्दी जमली तर जमू द्या.

परतीच्या रस्त्यावर दादाच्या ओल्या कॅनव्हासांनी मागची सीट अडवली होती, काचा उघड्या, आत टर्पेंटाइनचा वास. पुढच्या वेळचं ठरवताना पुन्हा भांडण झालं. त्याला मार्चअखेर यायचं आहे, मोहाची फुलं पडायला लागतात, वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर त्याला काढायचा आहे. मला जुलैत यायचं आहे, धानाच्या रोवणीला. चिखल, पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या, वाकलेल्या बायकांची ओळ आणि वरून पाऊस. त्यासाठी कागदावर छत्री धरायला एक माणूस लागेल. दादा म्हणाला, तो मी नाही.